कार न जाणारी गल्ली

११ जानेवारी

ही डायरी उपासनानं दिली. औषधाच्या कंपनीची, तिच्या दवाखान्यात फुकट आलेली. म्हणाली, "बाबा, घर शोधताना जे बघाल, ऐकाल ते लिहून ठेवा. नंतर आईशी वाद नको." पोरगी नर्स आहे, बोलते डॉक्टरसारखी.

तर पहिली बातमी: घरमालकाचा मुलगा आला होता. जुनं पाडून तीन मजली बांधणार आहे. मे संपेपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणाला. शहापुरातल्या याच दोन खोल्यांत उपासना रांगायला शिकली. शेजारच्या मागांच्या खटखटीवर तिला झोप लागायची. माग थांबला की दचकून उठायची.

आता पुन्हा भाड्याचं घर नाही, हे मी आणि गंगव्वानं चहा गार व्हायच्या आत ठरवलं. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, उपासनाचा पगार, त्यावर बँक देईल तेवढं कर्ज. गंगव्वानं हद्द घालून दिली, "रविवारचं मटण बंद न करता जेवढा हप्ता बसतोय, तेवढंच घर."

१८ जानेवारी, रविवार

मच्छेला एक घर बघितलं. बरोबर भावकू होता.

भावकूबद्दल लिहायला हवं. तीस वर्षांपूर्वी मच्छेच्या एका कारखान्यात आम्ही दोघं हेल्पर. तो नवा माळ या वस्तीतला, शेतकऱ्याचा मुलगा. माझा बाप असल्यांच्या शेतात राबायला जायचा. तो कारखान्यात पर्मनंट झाला, मी बाहेर पडून दुकान टाकलं. दुकानातली पहिली मोटार त्यानंच आणून दिली, त्यांच्या विहिरीवरची, सायकलच्या कॅरिअरला बांधून. मग सगळ्या नव्या माळच्या मोटारी माझ्याकडं वळवल्या. सख्खा भाऊ असता तर एवढं केलं नसतं.

घर स्वस्त. एजंट म्हणाला, "बघा, कसं शांत आहे!"

मी म्हटलं, "आज रविवार. मंगळवारी येतो."

भावकू हसला. "तू घर बघायला येतोस का ऐकायला रं?"

दोन्ही. मोटार चालू असताना बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची. आतलं दुखणं बरोबर कळतं. घराचंही तसंच असतं.

२० जानेवारी

जाऊन आलो. मागच्या कारखान्यातला लोखंड ठोकायचा हॅमर पडला की मांडणीवरची भांडी आपापसांत बोलायला लागतात. हे घर नको. मच्छेतच पलीकडच्या अंगाला चांगली घरं आहेत, पण ती गंगव्वाच्या हद्दीबाहेर.

१ फेब्रुवारी

भावकूनं आणखी एक घर दाखवलं. शेतात चुन्यानं रेघा मारून पाडलेले तुकडे, त्यातल्या एकावर पत्र्याच्या दोन खोल्या. बॉंड पेपरवर लिहून देतात. रीतसर खरेदी होत नाही. म्हणून भाव कमी. असल्या जागेला बँक कर्ज देत नाही. गटार नाही, रस्ताही नाही.

"भावकू, उद्या शेतमालकाच्या भावानं केस घातली तर?"

"काय होत न्हाई रं. एवढी माणसं बॉंडवर राहत्यात, ती काय खुळी हायत? आणि तुमची चार घरं हायत हितं. विहाराला जागा बी सोडल्यात म्हणं. आपल्या माणसांत असलं की बरं असतंय."

या माणसाला माझी केवढी काळजी! विहाराची जागा कुठं सोडलीय हे माझ्या आधी त्याला ठाऊक.

८ फेब्रुवारी

घर मिळालं! म्हणजे मिळालंच समजायचं.

नव्या माळात अंबुबाईंची मोटार बघायला गेलो होतो. बाई एकट्या असतात. मुलगी चिकोडीला दिलेली, आता तिच्याकडंच कायमचं जायचं म्हणतात. मोटारीला काही झालं नव्हतं, फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला. हात धुऊन कट्ट्यावर बसलो तर म्हणाल्या, "घर विकायचंय आण्णाप्पा. कोण गिऱ्हाईक असलं तर सांग."

भाव ऐकून मी पुन्हा विचारला. तोच सांगितला. एवढा कमी कसा? तर गल्लीत कार जात नाही. गिऱ्हाईक कोपऱ्यावर कार लावतं, चालत येतं, तोंड वाकडं करतं आणि चालत परत जातं. आमच्याकडं कार नाही, पुढंही होणार नाही. म्हणजे ही सूट आमच्यासाठीच राखून ठेवलेली!

पाणी येईपर्यंत मुद्दाम बसून राहिलो. पाणी आलं, गल्लीत एकेक मोटार सुरू झाली. एकीचाही आवाज कोरडा नाही, म्हणजे पाण्याला जोर आहे. समोरच्या घरात एक सासू सुनेला ओरडत होती, पण ओरडता ओरडता तिनंच तिच्या कळशा भरून आत नेल्या. चांगली गल्ली. बस कोपऱ्यावर. कागद रीतसर. दाराला एकच पायरी, गंगव्वाच्या गुडघ्यांना झेपेल अशी. आणि तिरकं समोर भावकूचं घर!

तसाच त्याच्याकडं गेलो. सांगितलं. ऐकून तो आत वळला. मग बायकोला हाक मारली, "जयाबाई, च्या टाक." काही माणसांना आनंदात बोलायला सुचत नाही.

१२ फेब्रुवारी

गंगव्वानं घर बघितलं. सैपाकघराची खिडकी उघडली आणि तिथंच उभी राहिली. "चला आता," म्हटलं तर म्हणाली, "थांबा की जरा." निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची आई आयुष्यभर बिनखिडकीच्या खोलीत बसली, त्याची आठवण झाली असणार. उपासनानं बँकेत कागद दिले.

भावकू मात्र खोड्या काढतोय.

"पाणी मचूळ हाय तिथलं."

"मी पिऊन बघितलंय."

"उंदीर लई हायत गल्लीत."

"मग शहापुरात काय मोर हायत?"

"कोपऱ्यावरचा एकजण पिऊन दंगा करतोय."

"माझा मेव्हणा बी करतोय. जोडी जमंल."

हसला नाही. भाव पाडायचा असला की आधी मालाला नावं ठेवायची, ही आमची जुनी खोड. अंबुबाई समोर नव्हत्या खऱ्या, पण खोड ती खोड.

१ मार्च

कर्ज मंजूर झालं. गंगव्वानं सांजा केला.

एक गोष्ट राहिली. नव्या माळात घर विकायचं तर आधी गल्लीच्या पंचांच्या कानावर घालतात. कायदा नाही, रीत आहे. भावकू स्वतः पंच आहे. मी म्हटलं, तुझ्याबरोबर येतो, सगळ्यांना भेटतो.

"तू कशाला? मी हाय न्हवं! घरातलं काम हाय हे."

अंबुबाई म्हणाल्या, पंचांचं कळलं की विसाराचे पैसे घेते. काळजी मिटली.

१० मार्च

आज नव्या माळात लक्ष्मीची यात्रा. बऱ्याच वर्षांनी आली आहे. घराघरावर मांडव, गच्चीवर पंगती. कारखान्यातले, शाळेतले, कुठले कुठले ओळखीचे येऊन मटण जेवून जातात.

आम्हाला आवतण उद्याचं. मागच्या यात्रेला तसंच, त्याच्या आधीच्या यात्रेलाही. पहिल्या दिवशी त्या गर्दीत कोण कुणाला विचारतंय? दुसऱ्या दिवशी भावकू आमच्याबरोबर बाहेरच्या कट्ट्यावर निवांत बसतो, गप्पा होतात. रस्साही मुरलेला असतो.

उपासना म्हणाली, "यात्रा आजच ना बाबा? आमच्या दवाखान्यातली सगळी आज गेल्यात जेवायला. ज्यांची ओळख नाही तीसुद्धा."

मी तिला समजावलं, खास माणसाला खास दिवस. ती आईकडं बघत राहिली. गंगव्वा डाळ निवडत होती.

१७ मार्च

भावकू दुकानात आला. बस म्हटलं तर बसला नाही.

"आण्णाप्पा, पंच न्हाई म्हणाले. मी लई भांडलो. एकटा पडलो बघ."

"कारण काय?"

"कारण काय असतंय? बाहेरचा नको म्हणत्यात. तू मनाला लावून घेऊ नको."

एरवी त्याचं बोलणं उतारावरच्या सायकलसारखं. आज एकेक शब्द उचलून ठेवत होता. तोंड माझ्यापेक्षा त्याचंच उतरलेलं. माझ्यापायी त्यानं सगळ्या गल्लीशी वाकडं घेतलं. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, "जाऊ दे रं. तू हायस तेवढं बास."

घरी गंगव्वाला सांगितलं. म्हणाली, "पंचांस्नी तुम्ही भेटला व्हता?"

"भावकू भेटला न्हवं!"

"बरं," म्हणाली.

२९ मार्च

आणखी दोन घरं बघितली. एक आवाक्याबाहेर. दुसऱ्या गल्लीत मोटारी नुसती हवा ओढत होत्या. दुरूनच ऐकून मागं फिरलो. मे महिना पुढं येऊन उभा राहिलाय आणि घरमालकाचा मुलगा रोज टेप घेऊन भिंती मोजतो, आमच्या डोक्यावरून.

भावकू म्हणतो, ते बॉंडचं घर घेऊन टाक, मालकाशी मी बोलतो. बँक त्याला पैसे देणार नाही. म्हणजे साठवलेलं सगळं, आणि गंगव्वाच्या पाटल्या. तिनं त्या काढून फडक्यात बांधल्या. साबण लावून काढाव्या लागल्या.

उपासना म्हणाली, "बाबा, त्या घराला कागदच नाही."

"छप्पर तर आहे," मी म्हणालो. असलं बोलणं माझ्या तोंडचं नव्हे. पण म्हणालो. येत्या रविवारी विसार द्यायचा.

३ एप्रिल

जसं ऐकलं तसं लिहितो.

यल्लाप्पा दुकानात आले. नव्या माळचे थोरले पंच. देवळाच्या बोअरची जळालेली मोटार आणली होती. मी नट खोलत होतो. सहज म्हणाले, "का रं, अंबुबाईचं घर का सोडलास?"

"मी कुठं सोडलं अण्णा? तुम्हीच सगळी न्हाई म्हणालासा."

"कोण म्हणालं?"

"भावकू."

त्यांनी तपकिरीची चिमूट नाकाजवळ नेली होती, ती तशीच राहिली. "पंचांत ही गोष्ट आलीच न्हाई. भावकूच म्हणाला आम्हाला, आण्णाप्पाचा विचार बदललाय, त्याला त्येंच्या लोकांत जायचंय."

मी पाना खाली ठेवला. मग विचारलं, "आली असती तर काय म्हणाला असता?"

म्हातारा खोटं बोलला नाही. "दोघं-तिघं कुरकुरली असती. मी बी लगेच व्हय म्हणालो असतो असं न्हाई. पण तुझ्या तोंडावर बोललो असतो. तू बी बोलला असतास. निघालं असतं कायतरी."

४ एप्रिल

अंबुबाईंकडं गेलो. मला बघून त्याच हळहळल्या. "कर्ज झालं न्हाई म्हणं रे तुझं. भावकू म्हणाला, त्याची वाट बघू नको, मी दुसरं गिऱ्हाईक आणतो. अजून आणतोयच."

"कर्ज कवाच झालंय आक्का."

बाईंनी भावकूच्या दाराकडं बघितलं.

म्हणजे भावकूनं पंचांना सांगितलं, आण्णाप्पाला यायचं नाही. बाईंना सांगितलं, त्याच्याकडं पैसे नाहीत. मला सांगितलं, त्यांना तू नको. आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. उद्या गंगव्वाच्या पाटल्या त्याच्याच सांगण्यावरून मोडणार होतो.

घरी येऊन सगळं सांगितलं. गंगव्वाला नवल वाटलं नाही. त्याचंच मला नवल वाटलं.

"तुला माहीत व्हतं?"

"हे न्हाई. भावकू माहीत व्हता." मग जरा थांबून म्हणाली, "यात्रेच्या दिवशी त्येची भावकी पंगतीला असती. त्येंच्या शेजारी तुमचं पान कसं मांडणार त्यो? म्हणून दुसरा दिवस. जयाबाई आजवर मला एकदा आत ये म्हणाली न्हाई."

"आणि तू एवढी वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्ही लई खुशीत जेवत व्हता. ताटातलं कशाला काढून घेऊ?"

मघाशी ही डायरी पहिल्यापासून चाळली. "तुमची चार घरं", "आपली माणसं", "बाहेरचा" असं सगळं मी माझ्या हातानं उतरवलंय, त्याखाली भावकूचं कौतुकही लिहिलंय. जात हा शब्द मात्र एकाही पानावर नाही. कान तिखट म्हणून मी बाजारभर मिरवतो.

६ एप्रिल

भावकू आला. "विसार दिलास न्हवं काल?"

"न्हाई. यल्लाप्पाअण्णा आलते."

तो स्टुलावर बसला. बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत होता.

"तुझ्यासाठीच केलं रं," तो म्हणाला.

"कसं ते सांग."

"तू गल्लीत आला असतास. एक दिवस कोणतरी कायतरी बोललं असतं. तुला लागलं असतं. मला ते बघवलं नसतं. मी पंच, तुझ्याकडनं बोलू का त्येंच्याकडनं? त्यापेक्षा आता कसं आपलं चांगलं चाललंय."

"चांगलं म्हणजे कसं?"

"म्हणजे... तू हिकडं, मी तिकडं. कधी भांडलोय आपण?"

मी कान देऊन ऐकलं. खोटं बोलताना माणसाच्या आवाजात घरघर येते. ती कुठंच नव्हती. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. बिघाड सापडला असता तर मी तो काढला असता. इथं बिघाडच नव्हता, मशीन असंच चालायचं म्हणून बनवलेलं.

"पहिली मोटार तुला कुणी आणून दिली?" तो म्हणाला.

"तू."

"मग?"

मोटार त्यानंच आणली होती. पावसात, पोतं पांघरून. स्वतः भिजला, मोटार भिजू दिली नाही. तेही त्यानंच केलं आणि हेही. चहा आला. त्यानं घेतला. मी गिऱ्हाइकाचं काम पुढं ओढलं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत मी आणि उपासना चाललो. गंगव्वा गुडघ्यांमुळं कोपऱ्यापर्यंतच आली. घरी येऊन तिघं बसलो. उपासना म्हणाली, "जिथं आपण नको आहोत, तिथं पैसे घालून कशाला जायचं?" माझंही मत तेच. रोज सकाळी दार उघडलं की भावकूचं तोंड, नको.

गंगव्वा म्हणाली, "पाणी हाय?"

"हाय."

"कागद?"

"हायत."

"बँक देती?"

"देती."

"मग मधी भावकू कुठनं आला? त्यो शेजारी असणार म्हणून तुम्ही घर घेणार व्हता, ते बी चुकीचं. त्यो हाय म्हणून सोडणार, ते बी चुकीचं. तुम्ही दिवसभर दुकानात, ही दवाखान्यात. गल्लीत ऱ्हाणार मी. मला ती खिडकी पायजे."

उपासना हसली. घर ठरलं.

१९ एप्रिल

विसार दिला. जाऊन यल्लाप्पांना मी स्वतः सांगितलं, घर घेतोय म्हणून. ते म्हणाले, "बरं." आणखी दोन पंच तिथं होते, त्यांनी तेवढंही म्हटलं नाही, एक उठून आत गेला. अंबुबाईंनी मात्र दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझं घर हाय. नवरा गेल्यावर मी काय खाते हे कुणी विचारलं व्हतं का?"

१५ मे

खरेदी झाली. साक्षीदार दोन लागतात. आजवर माझ्या प्रत्येक कागदावर एक सही भावकूची असायची, दुसरीच तेवढी शोधावी लागायची. या वेळी दोन्ही शोधल्या.

अंगठा टेकवताना गंगव्वानं सगळ्यांना थांबवून पदरानं हात पुसून घेतला. घर तिच्या नावावर केलं.

१ जून

काल सामान हलवलं. टेम्पो कोपऱ्यावर थांबला, तिथून सगळं हातानं वाहून आणलं. समोरची ती ओरडणारी सासू दारात येऊन बघत होती. गंगव्वा कळशी घेऊन निघाली तर म्हणाली, "आमच्या नळाला आत्ता जोर हाय, भरून घ्या." गल्लीतली काही दारं मात्र आम्ही जाईपर्यंत बंद होती. भावकूचं उघडं होतं, तो दिसला नाही.

आज सकाळी पाणी आलं. मी टाकीजवळ उभा होतो. भिंतीपलीकडं तीन-चार माणसं बोलत होती. एकानं विचारलं, "अंबुबाईच्या घरात कोण आलंय रं?"

"आण्णाप्पा. आपलाच माणूस," भावकूचा आवाज. "तीस वर्षांची दोस्ती हाय आमची. मीच आणलं त्याला गल्लीत. पंचांस्नी सांगितलं, माझ्यावर सोडा, माणूस चांगला हाय."

"चांगलं केलासा अण्णा," कुणीतरी म्हणालं.

गंगव्वानं आतून विचारलं, "कोण बोलतंय हो बाहेर?"

"कोण न्हाई," मी म्हणालो. "शेजारी."